थोर शब्दाची एकसष्टी

"अहो, काय लिहून ठेवलं आबाच्या डोक्यावर? उतरवा ते आधी!"

बायको एवढ्या जोरात ओरडली की जऊळक्याच्या स्टेशनावरची गाडी त्या दिवशी सिग्नल न बघताच सुटली असावी. मी मात्र निवांत होतो. मामाजींच्या (म्हणजे सासऱ्यांच्या, बायकोच्या आबांच्या) एकसष्टीचा फ्लेक्स मी स्वतः छापून आणला होता आणि भाजीच्या वाडीच्या कुंपणाला स्वतः बांधला होता. बाकीचे जावई 'हार्दिक शुभेच्छा' लिहितात. मी पडलो घरातला इंग्रजीवाला! (बी.ए., तिसऱ्या झटक्यात.) आजोबांची जुनी डिक्शनरी काढून मी एक शब्द हुडकला होता: एग्रीजियस. अर्थ, 'कळपातून वेगळा उठून दिसणारा, थोर.' पुढे कंसात 'अप्रचलित' असंही होतं. मला वाटलं, म्हणजे दुर्मिळ माल! मामाजींच्या फोटोखाली हातभर अक्षरांत छापलं, 'आमचे एग्रीजियस शेतकरी.'

"वैशूनं फ्लेक्सचा फोटो पाह्यला," बायकोनं फोन माझ्या कानाला लावला. वैशू म्हणजे माझी साळी, बायकोची बहीण, अकोल्याला इंग्रजी शिकवते.

"जीजाजी, तो अर्थ कवाचाच मेला! आता त्याचा अर्थ होते, उघड-उघड बेशरम वाईट!"

मी फोन बायकोच्या हातात कोंबला आणि थेट वाडीकडे पळालो. कारण सत्काराला येणार होते मामाजींचे शाळासोबती, निवृत्त हेडमास्तर. विषय? इंग्रजी! आणि मामाजी तर फेटा बांधून फ्लेक्सखालीच खुर्ची टाकून बसलेले. उतरवावा, तर कारण सांगावं लागणार!

"मामाजी, इथं ऊन लागते. खुर्ची तिकडं घेता का?"

"काहून? माह्याच फोटूच्या सावलीत बसून राह्यलो ना मी."

मग मी झेंडूची एक जाडजूड माळ आणून बरोबर त्या शब्दावर सोडली.

"हे कायले?"

"शोभेले, मामाजी."

तेवढ्यात ऑटोतून सर उतरले. मी धावत जाऊन त्यांचे पाय धरले, मी ते सोडेचना! तिकडे शेजारच्या कळपातून नेमकी एकच शेळी वेगळी निघाली (शब्दाचा जुना अर्थ सिद्ध करायला तिला हाच मुहूर्त सापडला!) आणि माळ खाऊ लागली. एकेका झेंडूमागून एकेक अक्षर उघडं पडत होतं. मी पाय आणखी घट्ट धरले.

"उठा आता, जवाईबुवा," सर म्हणाले, "मले वर पाहू द्या."

त्यांनी चष्मा लावला. शब्द मोठ्यानं वाचला. मग ते मामाजींकडे वळले.

"नारायण, हे कोनं लिहिलं बाबा? पह्यले याचा अर्थ होता थोर. आता होते महानालायक."

शंभर माना माझ्याकडे वळल्या. शेळीसुद्धा चावायची थांबली.

"मामाजी," मी कसाबसा म्हणालो, "मी जुन्या अर्थानं लिहिलं हो! म्हणता तर आत्ताच्या आत्ता शब्द बदलून आणतो."

मामाजींनी फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि फेटा नीट केला.

"शब्द राहू द्या," ते म्हणाले. "फोटू बदला. तुमचा लावा."