चांदणीचं उलटं टोक

शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. पण कापड मला वाचता येतं, आणि ही बढाई नाही. पांढुर्ण्याच्या बाजारात माझी शिलाई मशीन होती. माझ्या हातचा सदरा कोणी परत आणला असं कधी झालं नाही.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. उन्हाळा सरता सरता बायको वारली. मुलगी सौंसरला दिलेली, तिला तेव्हा दिवस गेलेले. तिचं पहिलं लेकरू जन्मून आठवडाभरात गेलं होतं, म्हणून दुसऱ्याची सगळ्यांनाच धास्ती. मायच्या पुण्यानुमोदनाला आली तेव्हा जाता जाता म्हणाली, "बाबा, मायनं मले चांदणीची वाकळ कबूल केली होती. तिच्याच लुगड्यायची. आता तुमी शिवून द्या."

बायको मोहल्ल्यातल्या हर नव्या लेकरासाठी तशी वाकळ शिवत होती. मधात आठ टोकांची चांदणी, एकेक टोक शंकरपाळ्यासारख्या बारीक तुकड्यांचं. मधाकडे पांढरं, मग आसमानी, शेंड्याला गडद निळं. त्यातलं एक टोक ती मुद्दाम उलटं लावे, निळं आत आणि पांढरं बाहेर. सगळंच नीट असलं तर लेकराला नजर लागते, असं तिचं म्हणणं. मी चिडायचो. बौद्ध दीक्षा घेतली तेव्हाच आपण नजर, भूत, उतारा सगळं सोडलं, असं तिला सांगायचो.

"तुमी सोडलं," ती म्हणे, "नजरेनं सोडलं का?"

मी ठरवलं, माझी चांदणी आठही टोकांनी सरळ राहील.

लुगडी जाम नदीवर नेऊन धुतली, तरी तिच्या तपकिरीचा वास गेला नाही. शंकरपाळ्याच्या दोन बाजू उरेब येतात, म्हणजे धाग्याला तिरप्या. हात जरा जोरानं पडला की कापड ताणतं, आणि चांदणीचं पोट फुगून वर येतं, मग ती जमिनीला टेकत नाही. म्हणून मी मशीन बाजूला ठेवली आणि हातानं टाके घातले. चूक पकडायची माझी रीत अशी, की काम जमिनीवर पसरायचं, उंबऱ्यात उभं राहून डोळे अर्धे मिटायचे. जे चुकलं असेल ते आपणहून पुढे येतं. मग पालथं करून शिलाईवरून बोट फिरवायचं.

पहिल्या खेपेला उंबऱ्यातून पाहिलं तर एक टोक उलटं. माणूस आहे, चुकतो. उसवलं, सरळ लावलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्याच्या बाजूचं टोक उलटं. तेही उसवलं, आणि हर टोकाच्या निळ्या शेंड्याला लाल दोऱ्याची गाठ मारली, म्हणजे घोळ व्हायला नको. पुन्हा पसरलं तेव्हा एक लाल गाठ मधात होती. गाठ माझीच, मी ती ओळखतो. पण त्या टोकाचे टाके उसवायला घेतले तर दोरा दातानं तोडलेला होता, चपटा, आणि अजून ओलसर. मी दोरा कात्रीनं कापतो. जन्मात कधी दात लावला नाही. दात लावायची ती.

मी वाकळ उचलून उन्हात टाकली आणि चहा प्यायला निघून गेलो. परत आलो तर शेजारची बाई अंगणात उभी राहून तिकडे पाहून राहिली होती.

"भाऊ, मेलेल्या बाईचं कापड लेकराखाली घालता काय? ओढून नेते ती."

"तुया लेकराखाली तिचीच वाकळ आहे ना? त्याले नाही नेलं तिनं?"

"तवा ती जिती होती, भाऊ."

मी वाकळ ओढून काढली. आत येऊन बसलो. आता मला चुकीची फिकीर राहिली नव्हती. बायको लेकराला राखायला येऊन राहिली की न्यायला, एवढंच कळत नव्हतं. आणि विचारू कोणाला? मेल्यावर मागे काही फिरत नाही, हे विहारात सगळ्यांना मीच ठासून सांगत होतो. आता तोंड कोणत्या बाजूनं फिरवू?

थंडीत जिनिंगमधला कापूस हवेत उडून राहिला होता तेव्हा निरोप आला, मुलगी झाली. मी आठही टोकं नीट केली. उंबऱ्यातून पाहिलं, पालथं करून बोट फिरवलं, धोतरात गुंडाळून गाठ बांधली. सौंसरच्या बसमध्ये गाठोडं मांडीवरून हलू दिलं नाही.

विहीणबाईंनी पाणी दिलं. मी गाठ सोडली, वाकळ खाटेवर पसरली आणि सवयीनं दोन पावलं मागे सरलो.

एक टोक उलटं होतं.

"भाऊ, हे एवढं काऊन असं?" विहीणबाई म्हणाल्या. "आणि हे लुगडे कोनाचे होत?"

"कात्री द्या, ताई," मी म्हणालो. "पाच मिंटात सरळ करतो."

मुलीनं उलट्या टोकावर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साफ होता.

"बाबा, आता काही उसवू नका."

"अवं, मी शिवलं नाही तसं. सरळ केलं होतं मी."

"मले समजलं कोनं शिवलं ते. राहू द्या."

सासूनं तोंड उघडायच्या आधीच तिनं लेकरू चांदणीवर ठेवलं. मूठ तोंडाशी धरून ते झोपलं. माझी परतीची बस चार वाजताची होती. विहीणबाईंनी दोनदा आठवण दिली. मी हो म्हणालो आणि खाटेजवळच बसून राहिलो. लेकराची छाती वर येई, खाली जाई. खाली गेली की पुन्हा वर येईपर्यंत मी श्वास धरून ठेवायचो. बस कधी निघून गेली ते मला ऐकू आलं नाही.