नथ्थूकाकांचा मोर्स

अमेरिकेच्या इतिहासातली कोणती माणसं तुम्हाला माहीत आहेत, हा प्रश्न घेऊन मी जबलपुरातल्या मदन महलच्या आमच्या गल्लीत फिरत होते. लिंकन सगळ्यांच्या ओळखीचा निघाला. वॉशिंग्टन म्हटल्यावर प्रतिमाकाकू म्हणाल्या, "ते तर शहर आहे ना?" शेजारच्या नथ्थूकाकांना मात्र विचार करावा लागला नाही.

"मोर्स," ते म्हणाले.

काका तोफांच्या कारखान्यात चौतीस वर्षं टर्नर होते. आता एका छोट्या प्रशिक्षण केंद्रात पोरांना लेथवर धातू कातायला शिकवतात. तिथं लेथमागच्या भिंतीवर पांढऱ्या दाढीच्या एका गोऱ्या माणसाचा फोटो आहे. काकांचे थोरले भाऊ रेल्वेत तारबाबू होते, त्यांच्या पुस्तकातून कापलेला. दर वर्षी अवजारांच्या विश्वकर्मा पूजेला काका त्याला कुंकू लावतात आणि सांगतात, "यानंच तार काढली, अन् यानंच आपला टेपर."

टेपर म्हणजे ड्रिलचं निमुळतं शेपूट. मशीनच्या तशाच निमुळत्या भोकात ते दाबलं की नटबोल्टाशिवाय घट्ट बसतं. मोर्स टेपर हे नाव जबलपूरच्या प्रत्येक टर्नरच्या तोंडी असतं.

मी घरी येऊन शोधलं, तर मोर्स दोन निघाले. तारेचा सॅम्युएल, मुळात चित्रकार. टेपरचा स्टीफन, दुसराच माणूस. पूजा परवावर आली होती. सांगावं की नाही? शेवटी काकांच्या घरी जाऊन सांगितलं.

"पक्कं?"

"पक्कं, काका."

काकांच्या पत्नी शकुकाकू आतून म्हणाल्या, "राहू द्या ना! कोण विचारून राहिलं तुम्हाला?"

"पोरांनी कातलेला जॉब केसभर चुकला तर मी पुन्हा करायला लावतो," काका म्हणाले. "अन् मी इतकी वर्षं चुकीचं सांगून राहिलो. माझं काहून चालवून घेतील?" मग माझ्याकडे वळले. "दाखव बरं त्या दुसऱ्याचा फोटो."

खात्रीचा फोटो मला सापडलाच नाही.

पूजेच्या दिवशी मीही केंद्रात गेले. पोरं जमल्यावर काकांनी घसा खाकरला. "देखो भाई, हमने गलत बताया था. टेपरवाला मोर्स अलग है. पुराने लडकों को भी फोन करके बता देना."

कुणी हसलं नाही. मागून एकानं विचारलं, "फिर ये दाढीवाले बाबा कौन हैं, सर?"

"तारवाले. मेहमान हैं, रहने दो."

आता हशा पिकला. काकाही हसले. टेपरवाल्या मोर्सच्या फोटोऐवजी त्यांनी लाकडी डबीतून एक ड्रिल काढून पाटावर ठेवलं. कुंकवाचं बोट टेपरजवळ नेलं आणि थबकले. टेपरवर कणभर काही राहिलं तरी पकड सुटते, हे त्यांनीच पोरांना शिकवलं होतं.

त्यांनी कुंकू डबीला लावलं, फडक्यानं टेपर पुसला आणि ड्रिल मशीनमध्ये बसवलं.