मधोमध पेटलेली शेगडी

कणीस भाजणाऱ्या बाईनं सगळे निखारे शेगडीच्या मधोमध ओढले. म्हणाली, "असं केलं की झटकन पेटतं, आजोबा. पण कोळसाही लवकर संपतो."

काही दीर्घिकांचंही असंच होतं. सगळा वायू केंद्रातल्या इवल्याशा जागेत गोळा होतो, तिथे धडाधड तारे जन्मतात आणि वायू संपला की दीर्घिका थंडावते. दुरून ती सर्वांत तेजस्वी दिसते, तेव्हाच आतून रिकामी होत असते.

हे माझ्या विद्यार्थिनीला, सुनंदाला, दिसलं होतं. मी तो दुर्बिणीचा दोष ठरवला. ती संशोधन सोडून गेल्यावर तेच मी स्वतःच्या नावावर छापलं.

काल तिला फोन केला. "शोध तुझा होता. तसं लिहून देतो."

 ती म्हणाली, "सर, निवृत्त झालात वाटतं?"