टाचणीखालची चिठ्ठी

आमचं दुकान म्हणजे एकच खोली आणि मधे पडदा. पडद्यापुढे बायकोचं मशीन, पडद्यामागे माझी इस्त्री. नवे कपडे आम्ही शिवत नाही, फक्त दुरुस्ती करतो. कुणाची कंबर वाढलेली असते, कुणाची उतरलेली. ती उसवते, जोडते, मी दाबून घडी घालतो. मला काय करायचं ते ती चिठ्ठीवर लिहून कपड्याला आतून टाचते. 'आतून दाबा.' 'बटणं सांभाळा.' मशीनच्या आवाजात ओरडून घसा कशाला बसवायचा!

आणि ती ब्लॉग लिहायची. दुपारी शटर अर्धं ओढलं की स्टुलावर बसून फोनवर, दुरुस्तीला आलेल्या कपड्यांबद्दल. चार वर्षं दर आठवड्याला एक. शेकडो लोक वाचायचे. मी वाचत नाही, असं तिला सांगायचो.

मग तो कोट आला. एका माणसाने वारलेल्या वडिलांचा कोट आपल्या मापाचा करायला दिला. खिसा फाटून अस्तरात औषधाची रिकामी पट्टी घसरली होती, ती हिला सापडली. नाव न घालता हिने त्यावर लिहिलं. लोकांनी भरभरून वाचलं, आणि त्या माणसानेही. चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, "माझ्या बापाचा खिसा मी तुमच्या वाचकांसाठी दिला नव्हता." कोट होता तसा उचलून निघून गेला.

त्यानंतर आठ महिने हिने एक ओळ लिहिली नाही. "सुचतच नाही हो," म्हणायची. मी नवी वही आणून दिली, तर तिच्यात दोऱ्यांचे नंबर लिहू लागली. हवापालटाला बहिणीकडे धाडली, तर तिचे सगळे पडदे शिवून परत आली. शेवटी मी वैतागून म्हणालो, "नाही लिहिलं तर काय आभाळ कोसळणार आहे?" दोन दिवस अबोला. तेव्हा मात्र मी घाबरलो. पूर्वी एखादा कपडा हातात घेऊन ही आपल्याशीच हसायची, तेही बंद झालं होतं.

मला येणाऱ्या तिच्या चिठ्ठ्या मात्र लांबत चालल्या होत्या. 'निळा शर्ट. विरलेली कॉलर उलटून दिली. मालक खूश आहे. कॉलरला तिसरी बाजू नसते हे त्याला सांगितलं नाही. हलक्या हाताने.' मी वाचून हसायचो आणि इस्त्रीशेजारच्या खिळ्याला अडकवायचो. त्यापलीकडे माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

थंडी पडली आणि तो माणूस कोट घेऊन पुन्हा दारात. "बाहीचं अस्तर फाटलंय. तेवढंच करा. बाकी हात लावू नका. आणि लिहू नका." हिने खाली बघत मान हलवली.

संध्याकाळी कोट माझ्याकडे आला. चिठ्ठी होती: 'तोच कोट. खांद्यावरून इस्त्री फिरवू नका. वडिलांचा उजवा खांदा उतरता होता, तो कापडात राहिलाय. आता हा मापाचा करून मागत नाही, म्हणजे त्याला तो तसाच हवाय.'

मी खांदा सोडून बाकीचा कोट दाबला आणि चिठ्ठी काढायला विसरलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी तो चिठ्ठी हातात धरून आला. आता ही कायमचीच गप्प होणार!

"हे कोणी लिहिलं?"

"मी," मी पडद्यामागून येत ठोकून दिलं.

"तुम्हाला खांद्याचं कसं कळलं?"

मी उगाच पडद्याची कड सारखी करू लागलो.

"त्यांना काही कळत नाही," ही मशीनवरून उठत म्हणाली. "मी लिहिलंय. इस्त्रीसाठी होतं. वाचकांसाठी नव्हतं."

त्याने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, "त्या खांद्यावर टपालाची पिशवी असायची. तीस वर्षं. खांदा उतरलाय हे घरात कुणी पाहिलंच नाही. मीसुद्धा." त्याने चिठ्ठी हिच्यापुढे धरली. "ही मी ठेवणार. तुम्हाला हवं तर उतरवून घ्या. पण ब्लॉगवर टाकायच्या आधी मला दाखवा."

त्याने धरलेली चिठ्ठी बघत हिने उभ्याउभ्याच फोनवर उतरवून घेतली.

त्या दुपारी ही स्टुलावर बसली, तेव्हा मी खिळ्यावरचा सगळा गठ्ठा काढून तिच्या मांडीवर ठेवला. "आठ महिन्यांचं आहे," म्हटलं.

"तुम्ही ठेवल्यात?" म्हणाली, आणि रडली. मग लिहायला लागली.

आता दर आठवड्याला ब्लॉग येतो. ज्याचा कपडा त्याला आधी दाखवते. कुणी नको म्हटलं तर राहू देते. मीही आता उघड वाचतो. मला आनंदच आहे, खरंच. फक्त माझ्या चिठ्ठ्या पुन्हा दोन शब्दांवर आल्या आहेत. काल एका पॅन्टला होती, 'आतून दाबा.'

तीही मी खिळ्याला लावली.