कॅसेट जिथं तुटायची

मिरज स्टेशनवर गाडी हलली तेव्हा दादानं खिडकीतून एक कॅसेट माझ्या मांडीवर टाकली. मी ती लगेच परत त्याच्या हातात कोंबली. "तुझ्याकडंच ठेव, मला तिकडं कुठला टेपरेकॉर्डर!" खरं कारण वेगळं होतं. परदेशाची हौस त्याला होती, अर्ज दोघांनी केले होते आणि नोकरी लागली मला. अप्पांच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात कुणीतरी हवं होतं, म्हणून तो राहिला. वर त्याची कॅसेटही मीच न्यायची? लाजच वाटली मला.

ती कॅसेट एका गोऱ्या गिऱ्हाइकानं दिलेली. इंग्लंडातल्या जुन्या पंक बँडचा लाइव्ह कार्यक्रम, नुसता धुडगूस! गाणारा गातोय की भांडतोय, कळायचं नाही. अप्पा तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारांखालची पट्टी, घासता घासता म्हणायचे, "आधी तारा जुळवा म्हणावं, मग बोंबला!" कॅसेट साठ मिनिटांची, त्यामुळं शेवटचं गाणं मध्येच तुटायचं. आम्हाला वाटायचं, ते आहेच तेवढं. तिथं आम्ही दोघं हात वर करून जागच्या जागी थांबायचो आणि आई म्हणायची, "झाले बाई एकदाचे गप्प."

परवा शनिवारी माझ्या लेकाला, आर्यनला, तोच कार्यक्रम फोनवर सापडला. अख्खा. ते कुठं तुटायचं, हे मी त्याला कितीदा गाऊन दाखवलं होतं. "मम्मा, इट डझन्ट एंड देअर!" खरंच, गाणं पुढं चांगली दोन मिनिटं चालतं. बावीस वर्षं अबुधाबीत काढली आणि मला पत्ता नाही! म्हटलं, यल्ला, चला, दादाला ऐकवू.

हल्ली दादाशी बोलणं आखडत चाललं होतं. दर वेळी तेच, "काय? परत बोल. तुमच्या तिकडचं नेटवर्क लई बेकार." इथं व्हिडिओ कॉलची रड असतेच, त्यामुळं मीही अ‍ॅपलाच शिव्या घालायची. त्या दिवशी आधी मेसेज केला, 'शेवटचं गाणं लावतेय,' आणि व्हिडिओ कॉल लावून स्पीकर फुल्ल केला. तिकडं वहिनी स्वयंपाकघरातून कानांवर हात ठेवून बाहेर आल्या. "अगंबाई, हळू करा की, कान फुटतील!" इकडं आर्यन उड्या मारत होता. त्याच्याकडं बघत दादा मांडीवर थाप मारत गायला लागला. एक शब्द चुकला नाही. कॅसेट जिथं तुटायची तिथं त्यानं हात वर केले आणि थांबला. गाणं मात्र दणकून चालूच होतं.

दादा हसला. "संपलं की गं. मग हा अजून कशावर नाचतोय?"

वहिनींनी कानांवरचे हात खाली घेतले आणि मान खाली घातली. म्हणजे नेटवर्क बेकार नव्हतंच. तारेचा आवाज खुलेपर्यंत घोडी घासायची, त्याला जवारी लावणं म्हणतात. अप्पा सांगायचे, "जवारी हातानं नाही, कानानं लागते." कुठं थांबायचं ते कान सांगतो. त्या कानावर आमचं घर चाललंय. इतके दिवस दादा कशाच्या भरवशावर थांबत असेल?

"हो दादा, संपलं," मी म्हणाले आणि गाणं बंद केलं. भित्री कुठची.

घरचे तिकडं राहिले, आम्ही इकडं आलो, आणि सगळी विचारपूस फोनवर उरकली. बरं आहे म्हटलं की खलास. मिरज सोडल्यापासून घर म्हणजे मला फोनमधून येणारा दादाचा आवाज होता. माझा त्याच्यापर्यंत पोचतो का, हे मी कधी विचारलंच नाही. आता घर म्हणजे त्याला माझं तोंड दिसेल इतक्या जवळ जाऊन बसणं.

सोमवारी रजा टाकली, तिकीट काढलं आणि त्याला लिहिलं, 'दादा, येतेय. तुझ्या शेजारी बसून तारा ऐकीन.'

बराच वेळ तो काहीतरी टाइप करत होता, खोडत होता. मग उत्तर आलं, 'ये. इथं नेटवर्क चांगलं आहे.'