खासदारांचं गाऱ्हाणं

ओल्या खोबऱ्याचा वास आला की देवळातली ती दुपार डोळ्यांपुढे तरंगते. बाहेर खाडीला भरती येत होती आणि सभामंडपात सारा गाव टीव्हीपुढे बसला होता, कारण आमचे खासदार लोकसभेत आमच्या पुलाची मागणी करणार होते. गुरवांनी आधीच नारळ फोडला होता. खासदार बोलू लागले, आणि देवापुढच्या गाऱ्हाण्याला म्हणतो तसं त्यांच्या प्रत्येक वाक्याला आम्ही म्हणत गेलो, ‘होय महाराजा!’ इतक्यात त्यांना दिलेला वेळ संपला, माईक बंद झाला. त्यांचे ओठ मात्र हलत राहिले. ‘आता कोण ऐकणार?’ आई पुटपुटली. गुरव हसले, ‘देव तरी कुठं बोलतो गो? होय आपणच म्हणायचं.’ परवा होडीतून पलीकडे जाताना शेजारणीनं प्रसादाचं खोबरं हातावर ठेवलं. पूल अजून नाही. मी पाण्याकडे बघत हळूच म्हणाले, ‘होय महाराजा.’