तिचं वय भरत होतं

जर्मनीच्या व्हिसासाठी माझ्याकडे एक सोडून सगळे कागद होते. पासपोर्ट, बी.एस्सी. नर्सिंगची पदवी, कौन्सिलची नोंदणी, सांगलीच्या हॉस्पिटलातला अतिदक्षता विभागाचा अनुभव, तिकडच्या हॉस्पिटलचं करारपत्र. जर्मन भाषेची परीक्षा मी ड्युट्या सांभाळून दिली आणि दुसऱ्या वेळी पास झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील दहावी नापास होऊन फौजेत गेले, आई चौथीपर्यंत शिकली. हे मी कुठंही सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

राहिला होता जन्माचा दाखला. आजवर सगळीकडे शाळेचा दाखला चालून गेला होता. इथं ग्रामपंचायतीचाच पाहिजे होता आणि त्यावर परराष्ट्र खात्याचा शिक्का. मुंबईची व्हिसाची मुलाखत अठरा दिवसांवर आलेली. एक दिवस सुट्टी टाकून मी शिराळ्याची एसटी धरली आणि पुढं वडापच्या जीपनं गावात गेले.

ग्रामसेवक भाऊसाहेब नवीन होते. त्यांनी फडक्यात बांधलेलं जुनं रजिस्टर सोडलं आणि नोंद लगेच सापडली.

"हे बघा ताई. आईचं नाव, वडलांचं नाव, स्त्री. तारीख शाळेच्या दाखल्याशी जुळती. बाळाचं नाव घातलेलं नाही, पण तेव्हा कोण घालत होतं? अर्ज द्या, घालून देतो."

मी सुटकेचा श्वास सोडला. ते तसंच पुढची पानं चाळत होते.

"धाकटीचा पण आत्ताच काढून घ्या. परत हेलपाटा नको."

"कोण धाकटी?"

"ही काय. तेच आईवडील. स्त्री. पुढच्या वर्षीचा मे."

"मला बहीण नाही, भाऊसाहेब. एक भाऊ आहे, तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान."

"मग ही कोण?"

माझ्या हातून आजवर मृत्यूचे कितीतरी फॉर्म भरून झालेत. नातेवाईक रडत असतात, आणि आपण वय, वेळ, कारण लिहीत असतो. सवय होते त्याची. म्हणून मीच म्हणाले, मृत्यूचं रजिस्टर काढा. मला वाटलं, माझ्या पाठीवर एखादी झाली असेल आणि गेली असेल. खेड्यात असं घडतं, आणि घरात कुणी बोलत नाही.

मे महिन्याच्या पुढं काही सापडलं नाही. मग भाऊसाहेब मागं गेले. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरवर त्यांचं बोट थांबलं. मी रजिस्टर माझ्याकडं फिरवून घेतलं.

माझं नाव होतं. पुढं वडलांचं, पुढं आडनाव. वय आठ महिने. कारण ताप.

त्या आडनावाचं गावात आमचं एकच घर आहे. मी स्वतःचं पूर्ण नाव त्या रकान्यात वाचत उभी होते, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला, तर वेळ लिहिलेली नाही, नोंद अपुरी आहे.

घरी आई सोप्यात बसून शेंगा फोडत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"तू हायस की माझ्यासमूर. मग काय झालं?"

"आई, ती कोण?"

"थोरली." दोन-चार शेंगा फोडून झाल्या. "तुझ्या आदीची."

"आणि माझं नाव?"

"तिचंच. आत्याबाय म्हणल्या, पोरगी परत आली, नवं नाव कशाला हुडकायचं?"

"आजी म्हणाली, आणि बाबांनी काहीच म्हटलं नाही?"

"ती गेली तवा ते बॉर्डरवर हुतं. तिला एकदाच बघितली त्येंनी, त्या पावसाळ्यातल्या रजंत. म्होरल्या रजेवर आलं तवा तू हुतीस."

"आणि शाळेत तिची तारीख कुणी घातली?"

आता तिनं सूप बाजूला ठेवलं. "मी घातली. मास्तर म्हणलं, हिचं वय भरत न्हाई, पुढल्या साली आणा. पुढल्या साली कोण तुला शाळंत जाऊ देणार हुतं? तुझा भाऊ पोटात हुता. त्येला सांभाळाय तुलाच घरी बसवली असती. तिचा दवाखान्याचा कागद पेटीत पडून हुता. तिचं वय भरत हुतं."

ती चोरी सांगतेय असं तिच्या तोंडावर कुठंही नव्हतं. मला मात्र बसल्या जागी एकेका गोष्टीची संगती लागत गेली. पहिलीत मी सगळ्यात बुटकी होते, मास्तर मला उचलून बाकावर ठेवायचे. दर फेब्रुवारीत हॉस्टेलच्या आणि मग वॉर्डातल्या मुली माझा केक कापायच्या, फोटो मी हौसेनं घरी पाठवायचे. आईचं उत्तर कधी आलं नाही. विचारलं तर म्हणायची, आपल्यात वाढदिवस करत न्हाईत.

सुट्टी वाढवून दुसऱ्या दिवशी मी पंचायतीत गेले, तेव्हा भाऊसाहेबांनीच वाट सुचवली. "पहिल्या नोंदीत तुमचं नाव घालतो. पासपोर्ट, डिग्री, सगळ्याशी जुळतंय. जर्मनीतनं मृत्यूचं रजिस्टर बघाय कोण येतंय हितं?" माझं जर्मनीचं काम बघणाऱ्या पुण्याच्या एजन्सीतली बाई फोनवर तेच बोलली. खरी तारीख धरली तर शाळेपासून पासपोर्टापर्यंत सगळं बदलावं लागेल, कोर्टात जावं लागेल, आणि हॉस्पिटल तेवढं थांबणार नाही.

खोटं कशाला सांगू, मी अर्ज भरायला घेतला होता. बाळाचे नाव, या रकान्यापर्यंत आले. पण मी आजवर पेशंटचं बीपी न मोजता कधी लिहिलेलं नाही. एकदा वरिष्ठांनी तसं लिहायला सांगितलं तेव्हा नाही म्हणाले, आणि महिनाभर त्यांची बोलणी खाल्ली. इथं तर मेलेलं माणूस जिवंत म्हणून लिहायचं होतं. तिकडं कागदावर थोरली गेली असती, आणि मे महिन्यातली मुलगी बिननावाची इथंच राहिली असती. शिकली ती, राबली ती, परीक्षा दिली ती.

"तिन्ही दाखले द्या," मी म्हणाले. "दोन जन्माचे, एक मृत्यूचा. माझं नाव मे महिन्याच्या नोंदीत घाला."

"ताई, विचार करा."

"केला."

तिन्ही मी एजन्सीला पाठवले. मुलाखत रद्द झाली. महिन्याभरात ती जागा दुसऱ्या कुणाला गेल्याचं हॉस्पिटलचं पत्र आलं, आदबशीर जर्मनमध्ये, आणि मला त्यातला शब्द न् शब्द कळला. तारखेचा दावा आता कोर्टात आहे. निकाल लागला की मी पुन्हा अर्ज करणार आहे.

दाखले घेऊन आले त्या दुपारी मृत्यूचा दाखला आईनं मागून घेतला होता. चौथीपर्यंतचं वाचन तिचं, अक्षरावर बोट ठेवून जातं. तारीख तिनं सोडून दिली. नावापाशी आली, आणि एक एक अक्षर जोडत तिनं ते मोठ्यानं वाचलं.

सवयीनं मी ओ दिली.